पानाच्या उलट्या बाजूस

उद्यमबागेतील फौंड्र्या व कारखाने यांच्या सान्निध्यात राहणारी कुटुंबेही सज्जात दोन-चार कुंड्या मोठ्या जिव्हाळ्याने जोपासतात, हे घरभेटीस गेलो असता आम्हांस नेहमी दिसून येते. अशाच एका घरी जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चढला होता, आणि खिडकीच्या फळीवर सरबताच्या बाटलीत पांढुरके पाणी होते. विचारता गृहिणी म्हणाली, "फादर, गावाकडनं शेतातलं औषध आणलंय. आज मारतो म्हणतात हे." त्याच फळीखाली तिचे तीन वर्षांचे लेकरू खेळत होते.

ती बाटली प्रथम आम्ही कुलुपात ठेवविली, मगच जास्वंदीकडे वळलो. वाचकहो, शेतीचे विष घरात फवारण्यासाठी नसते. आणि पेयाच्या बाटलीत ते ठेवणे म्हणजे मुलांसाठी सापळा लावणेच होय.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मावा, खवले कीड यांप्रमाणेच हाही झाडाचा रस शोषतो व गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. त्याच्याच लोभाने मुंग्या येतात आणि किडीला खाणाऱ्या भुंगेऱ्यांना हुसकावून लावतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसताच तिच्या मागोमाग दृष्टी न्यावी व पाने उलटून पाहावीत.

किडलेला शेंडा कापून टाकावा व ती कुंडी इतरांपासून दूर ठेवावी. ढेकणाचे आवरण मेणचट असल्यामुळे नुसते पाणी त्यावरून ओघळून जाते. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये भिजवून, एकेक ढेकूण पुसून काढावा. हे काम विस्तवापासून दूर करावे. मग एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य साबण घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिने पाने करपतात. आदल्या दिवशी एकाच पानावर प्रयोग करून पाहावा. अंडी वाचतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने हे तीनदा करणे आवश्यक आहे.

निपाणी जवळ असल्यामुळे आपल्याकडे तंबाखूचे पाणी शिंपडण्याची चाल आहे. त्याने कीड मरते, हे खरे. परंतु त्यातील निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते. ओल्या तंबाखूच्या पानांत राबणाऱ्यांना मळमळ व भोवळ येते, ती यामुळेच. शिवाय तंबाखूतून टोमॅटो व मिरचीच्या रोपांना मोझॅक रोग लागू शकतो. तेव्हा हा उपाय घरात टाळलेलाच बरा.

आणखी एक गोष्ट. लाल, ठिपकेदार 'लेडीबर्ड' भुंगेरा मावा खातो. त्याच्या इंग्रजी नावातील 'लेडी' म्हणजे पवित्र मरिया. जर्मन लोकही त्यास मरियेचा भुंगेरा म्हणतात. त्याचाच एक काळपट, नारिंगी डोक्याचा भाऊबंद, क्रिप्टोलेमस, १८९८ साली कॉफीवरील किडीच्या नाशासाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. पिठ्या ढेकूण हे त्याचे आवडते खाद्य. मात्र त्याची अळीदेखील पांढऱ्या मेणाने झाकलेली असते, आणि अजाण माणूस तिलाच ढेकूण समजून चिरडतो. ढेकणाहून मोठी व चपळ अशी पांढरी अळी दिसली, तर तिला अभय द्यावे.

निदणाच्या दृष्टान्तातील धन्याने चाकरांना घाईने निदण उपटू दिले नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला गेला असता. फळीखालचे ते लेकरू आणि पानामागची ही अळी, दोन्ही आपला गहूच आहेत. म्हणून शनिवारी वेदीसाठी फुले खुडताना प्रत्येक कुंडीची चार पाने उलटून पाहावीत. कीड थोडी असतानाच दिसली, तर कापसाचा बोळा पुरतो. विषाची बाटली घरात आणावी लागत नाही.