अर्धा खोपा कुणाचा?

परवा आमच्या घोडेगावच्या वर्गात एकाने विहिरीवरच्या बाभळीचा, सुगरणीचा अर्धा खोपा तोडून आणला. "सर, रिकामाच होता!"

शिक्षकमित्रांनो, पालकहो, नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो नर. निम्मा झाला की पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून बघते. पसंत पडला तर नर खाली नळी जोडून तो पुरा करतो, अन् लगेच दुसऱ्या खोप्याच्या, दुसऱ्या मादीच्या मागे. (लबाडच म्हणा!) म्हणून एखाद्याची पिल्लं दोन-तीन खोप्यांत, तर एखाद्याचं एकही नाही. डार्विनने १८७१ च्या पुस्तकात हीच लैंगिक निवड सविस्तर मांडली. सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला सुगरणी बारकाईने पाहिल्या.

मुलाला सांगितलं, ऐन पावसाळ्यात हा खोपा रिकामा नव्हता. मादीने बघायचा राहिला होता.