पात्रनिवड कुणाची?

महाविद्यालयात शिकत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी मी नाव दिले. पहिल्याच वाक्यात 'पानी' म्हणालो आणि परीक्षक हसले. मला पडदा ओढण्याचे काम मिळाले. आज वस्तीतल्या आमच्या नाट्यमंडळाची पात्रनिवड माझ्याकडे आहे, तेव्हा तो पडदा आठवतो.

आम्ही हाती संहिता देऊन वाचायला लावत नाही. प्रसंग सांगतो : पाणवठ्यावर तुला अडवले आहे, बोल. मागच्या खेपेस बिगारीकाम करणाऱ्या एका बाईंनी न बोलता रिकामा हंडा खाली ठेवला आणि त्या उभ्याच राहिल्या. एकांकिका लिहिणाऱ्या मुलाने तिथली दोन पाने भाषणे लगेच काढून टाकली. (त्याला ती फार आवडत होती!)

ही रीत आम्ही शोधलेली नाही. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचा घाट घेऊन बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, तो लोकांच्याच बोलीत. म. भि. चिटणिसांचे 'युगयात्रा' १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी झाले; त्यासाठी कुणी रंगमंदिराची वाट पाहिली नाही. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'ला तर दोनच पात्रे पुरतात. पैसा नसलेल्यांनी एकांकिकेकडे वळावे ते यासाठीच.

मात्र बायकांची नावे आमच्याकडे अजून कमीच येतात. तालीम रात्री नऊला ठेवणारे आम्हीच.