ओवाळणी, व्याज आणि बेबाकी : क्रेडिट कार्डाच्या कर्जाचा शब्दार्थविचार

प्रस्तुत लेखाचा विषय अर्थशास्त्र विभागाकडे सोपवावयास हवा होता, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. अल्प प्राप्तीच्या कुटुंबाच्या हाती भेटीची एखादी रक्कम अकस्मात आली, तर तिचा उपयोग क्रेडिट कार्डाचे कर्ज फेडण्याकडे कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ हिशेबाचा आहे. तथापि हिशेब करू पाहणाऱ्याची वाट प्रथम शब्दच अडवितात, असा मला अनुभव आला. म्हणून त्या शब्दांचा विचार येथे मांडीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी मूर्तिजापुरास माझ्या आत्येबहिणीकडे गेलो होतो. तिचे यजमान तेथील एका जिनात हंगामी कामावर आहेत. कापूस येऊ लागला की काम, आणि तो संपला की मिळेल ती मजुरी, असा त्यांचा वर्षाचा क्रम. पूर्वी ते अकोल्यास एका दुकानात पगारी नोकर असताना त्यांनी क्रेडिट कार्ड घेतले होते. नोकरी गेली, कार्ड राहिले. आणि मुलाचा हात मोडला तेव्हा इस्पितळाचे बिल त्यावर भरले गेले. भाऊबिजेच्या दिवशी कार्डावरील बाकी 40,000 रुपये होती. त्याच दिवशी पुण्याहून आलेल्या भावाने ओवाळणीच्या तबकात पाकीट टाकले. त्यात 30,000 रुपये होते. बहिणीच्या संसाराची ओढाताण त्याला ठाऊक होती; पैसे कशासाठी, हे मात्र तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ही रक्कम कार्डाच्या खात्यात भरावी असे मी सुचविताच ती म्हणाली, “ओवायणीचे पैसे हायेत हे. यानं कर्ज कसं फेडू?”

वऱ्हाडीतील ळकाराचा यकार हा भाषाशास्त्रज्ञाच्या नित्य परिचयाचा विषय. परंतु त्या क्षणी माझे लक्ष उच्चाराकडे नव्हते. तिच्या दृष्टीने तबकातील पैसा आणि बँकेला द्यावयाचा पैसा हे दोन वेगळे पदार्थ होते. या भेदाला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. मराठीत भेटीच्या पैशाला एक सामान्य नाव नाहीच. लग्नात दिला तो आहेर, भावाने दिला ती ओवाळणी, चाकरास दिली ती दिवाळीची पोस्त, लेकीस दिली ती चोळीबांगडी. प्रत्येक नावाबरोबर त्या पैशाचा विनियोगही जवळजवळ ठरलेला असतो. चोळीबांगडीच्या पैशातून वीजबिल भरले, तर व्याकरण बिघडत नाही, पण काहीतरी बिघडते खास. व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1994 मधील आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले आहे, की व्यवहारात पैसा एकजिनसी नसतो. माणसे त्याला नात्यांप्रमाणे खुणा करून वेगवेगळा ठेवतात. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर याने 1985 मध्ये या प्रवृत्तीला मनातील हिशेबठेव असे नाव देऊन तिच्यामुळे होणारे नुकसानही दाखविले : एका कप्प्यात पैसा जपून ठेवून माणूस दुसऱ्या कप्प्यातील जबर व्याज भरीत राहतो.

शिवाय आपल्याकडील भेट ही पूर्णतः मोफत नसते. लग्नघरातील आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको. कोणी काय दिले हे त्या वहीत लिहून ठेवावयाचे, आणि त्यांच्या घरच्या कार्यात ते परत करावयाचे. मार्सेल मोस याने 1925 च्या आपल्या निबंधात देणे, घेणे व परत करणे ही तिन्ही बंधने असल्याचे प्रतिपादन केले. आपल्या वहीत त्याला हवा तेवढा पुरावा सापडला असता. म्हणजे आहेर हेही एक ऋणच. पण त्याला मुदत नसते व व्याज नसते. त्या ऋणाने व्याजी ऋण फेडणे म्हणजे जाचक सावकार बदलून सौम्य सावकार करणे होय, आणि भाऊ हा सावकारांत सर्वांत सौम्य. ही गोष्ट मी बहिणीस सांगितली, तेव्हा तिला ती हिशेबापेक्षा लवकर पटली.

आता कर्जाच्या बाजूचे शब्द पाहू. ‘कर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. ‘उधार’ मात्र घरचाच. संस्कृत ‘उद्धार’ शब्दाचे ते तद्भव रूप. संस्कृतात उद्धार म्हणजे वर काढणे, आणि बिनव्याजी ऋण असाही त्याचा एक अर्थ कोशांत नोंदलेला आहे. मराठीने तत्सम रूप धर्माकडे ठेवले व तद्भव रूप वाण्याच्या दुकानात पाठविले. ‘सावकार’ शब्दाच्या मुळाशी ‘साधु’ आहे. सर्वांत विलक्षण प्रवास ‘व्याज’ शब्दाचा. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, मिष, कपट. ‘व्याजस्तुती’ या अलंकारात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. वाढीव पैशाला संस्कृतात वृद्धी किंवा कुसीद म्हणत. मराठीत ‘निर्व्याज प्रेम’ असा प्रयोग आपण सर्रास करतो. त्यात ‘निष्कपट’ हा जुना अर्थ आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘बिनव्याजी प्रेम’ असा लिहिला होता. त्याचे गुण मी कापले, पण मन मात्र साशंक राहिले.

या शब्दांबरोबर मर्यादेचाही एक शब्द आपल्याकडे होता : दामदुपट. मुद्दलाइतके व्याज साचले की त्यापुढे एकावेळी अधिक मागता येऊ नये, असा हा नियम. त्याचे मूळ मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायापर्यंत जाते, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला होता. नियम होता म्हणून अन्याय टळत होता असे नव्हे. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे गाडगे महाराजांचे आजोळ. 1876 साली जन्मलेला हा डेबूजी तेथे मामाच्या घरी वाढला, आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली, असे चरित्रकार सांगतात. पुढे कीर्तनांतून ऋण काढून सणवार व लग्ने करू नयेत, असे ते आयुष्यभर कळवळून सांगत राहिले, त्यामागे ही आठवण असावी. दामदुपटीचे तत्त्व महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यातही आहे. परवानाधारक सावकारास कर्जाच्या रकमेहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. परंतु हा कायदा बँकांस लागू नाही. बँकेचे व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उकलू नये, अशी तरतूद बँकिंग नियमन कायद्यात 1984 पासून आहे. क्रेडिट कार्डावर वार्षिक 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. सारांश, गावच्या सावकाराला जी मर्यादा आहे ती कार्डाला नाही.

‘टक्का’ या शब्दाकडेही येथे पाहिले पाहिजे. खेड्यात ‘तीन टक्क्याने पैसे घेतले’ असे म्हटले की ते दरमहा तीन टक्के, हे ऐकणाऱ्यास न सांगता कळते. बँकेचा टक्का वार्षिक असतो, हेही आता सर्वांस कळते. क्रेडिट कार्ड बँकेचे असल्यामुळे त्यावरचा साडेतीन टक्के हा आकडा लोक बँकेच्या रीतीने वाचतात. वस्तुतः तो सावकारी रीतीचा, म्हणजे मासिक असतो. बहिणीच्या यजमानांचा हाच समज होता. साडेतीन टक्के म्हणजे पीककर्जासारखेच की, असे ते म्हणाले.

‘क्रेडिट’ हा शब्दही असाच फसवा आहे. जमाखर्चात क्रेडिट म्हणजे जमा. कार्डावर ‘उपलब्ध क्रेडिट’ म्हणून जी रक्कम दिसते ती जमा नसून पुढे काढता येईल असे कर्ज असते. पण सर्वांत घातक शब्दप्रयोग म्हणजे ‘किमान देय रक्कम’. ‘देय’ हे संस्कृतातील कृत्यप्रत्ययान्त रूप. जे दिले पाहिजे ते. वाचकाचे मन ‘देय’ शब्दावर स्थिर होते आणि तेवढे दिले की आपण देणे चुकविले असे समजते. ‘किमान’ या विशेषणाचा अर्थ येथे ‘दंड टाळण्यापुरती’ एवढाच आहे, आणि उरलेल्या बाकीवर व्याज चालूच राहते. केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांत सक्तीचे केले आहे. तो बिलाच्या बारीक अक्षरांत असतो.

हिशेब असा मांडून पाहिला. 40,000 रुपयांवर दरमहा साडेतीन टक्क्यांप्रमाणे व्याज 1,400 रुपये, आणि त्या व्याजावर 18 टक्के वस्तू व सेवा कर 252 रुपये, एकूण 1,652. बिलाच्या 5 टक्के, म्हणजे 2,083 रुपये किमान म्हणून भरले, तर मुद्दल 431 रुपयांनी उतरते. असे वर्षभर किमानच भरीत गेल्यास सुमारे 23,500 रुपये देऊनही 35,000 रुपयांवर बाकी शिल्लक राहते. किमान रकमेच्या मागे न जाता दरमहा ठाम 2,000 भरले, तर 44 व्या महिन्यात फेड होते व एकूण 86,000 रुपयांहून अधिक जातात. याउलट ओवाळणीतील 25,000 आरंभीच भरले, की बाकी 15,000 राहते, मासिक भार 620 वर येतो, आणि त्याच 2,000 च्या हप्त्याने दहाव्या महिन्यात खाते संपते. हप्त्यांत सुमारे 18,300 रुपये जातात. तेच 25,000 मुदत ठेवीत 7 टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षात 1,750 रुपये मिळाले असते. कार्ड तेवढी रक्कम दोन महिन्यांत खाते.

30,000 पैकी 5,000 मागे का ठेवावयाचे, असे यजमानांनी विचारले. प्रश्न रास्त होता, कारण गणिताप्रमाणे पाहता तेही भरणे फायद्याचे. परंतु हंगामी प्राप्तीच्या घरात पावसाळ्यात एखादे आजारपण आले, आणि हाती रोकड नसली, तर हात पुन्हा कार्डाकडेच जाणार. भेटीची रक्कम भरताच कार्डावर तितकी मर्यादा ‘उपलब्ध’ म्हणून मोकळी होते. फेडीचा पैसा डोळ्यांस पुन्हा मिळकतीसारखा दिसू लागतो. म्हणून मर्यादा कमी करून मागावी आणि फेड पुरी होईपर्यंत कार्डावर काहीही खरेदी करू नये. मागील बाकी असताना नव्या खरेदीस बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आणखी एक खाचखळगा : मोठी रक्कम बिल निघण्याच्या आधी भरली, तर पुढे निघणाऱ्या बिलातील किमान रक्कम पुन्हा वेगळी भरावी लागते. ‘एवढे भरले, आता दोन महिने नको’ असे समजून स्वस्थ बसणाऱ्यास विलंबाचा दंड लागतो. बाकीचे हप्ते पाडून देण्याची सोय बँका करतात. तिचा दर कार्डाच्या दराहून बहुधा कमी असतो, पण प्रक्रियेचे शुल्क विचारून मगच ती घ्यावी.

राहता राहिला शेवटच्या पावतीचा प्रश्न, आणि येथे पुन्हा शब्दाकडेच यावे लागते. मराठीत ‘फेडणे’ या क्रियापदाचा विस्तार मोठा आहे : कर्ज फेडावे, नवस फेडावा, आईबापांचे पांग फेडावेत, अंगावरचे वस्त्र फेडावे. सर्वत्र अंगाशी लागलेले उतरविणे हीच मूळ कल्पना. ‘मिटविणे’ वेगळे, तंटा मिटवितात. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी कमी रकमेत ‘सेटल’ करण्याचा निरोप येतो, तेव्हा ऐकणाऱ्यास तो कर्ज फेडल्यासारखाच वाटतो. वस्तुतः पतविषयक नोंदीत ‘सेटल’ म्हणजे मिटविले, फेडले नव्हे. आणि पुढे पीककर्ज वा घरकर्ज मागताना हा भेद आडवा येतो. या नोंदीला आता खेड्यातही ‘सिबिल’ म्हणतात. एका कंपनीच्या नावाचे हे सामान्यनाम आपल्या डोळ्यांदेखत घडले. ‘त्याचं सिबिल गेलं’ हे वाक्य मी मूर्तिजापूरच्या स्थानकावर चहा घेताना ऐकले आहे.

पूर्ण फेडीला आपल्याकडे नेमका शब्द आहे तो ‘बेबाक’. फारसी ‘बे’ आणि अरबी ‘बाकी’ यांचा हा जोड. बाकी उरली नाही असे. हिंदीत निर्भीड या अर्थी रूढ असलेला ‘बेबाक’ हा निराळ्या मुळाचा शब्द आहे, जरी कर्जातून सुटलेल्या माणसास दोन्ही एकच वाटले तरी त्याला दोष देता येणार नाही. सहकारी सोसायट्यांच्या व्यवहारात ‘बेबाकी दाखला’ आजही मागितला जातो. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजी दिवसांत पुरी केली पाहिजे, अन्यथा दिवसाला 500 रुपये दंड कार्डधारकास द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याबरोबर थकबाकी नसल्याचे पत्रही मागून घ्यावे. दापुऱ्याच्या काळी सावकाराच्या चोपडीत काय आहे हे ऋणकोस वाचता येत नसे. आज ते वाचता येते, पण मागितल्याखेरीज हाती मिळतेच असे नाही.

माझ्या बहिणीचे हप्ते पुढच्या भाद्रपदात संपले. मागे ठेवलेल्या पाच हजारांपैकी दोन हजार आषाढात एका हप्त्यापोटी खर्ची पडले होते. बँकेचे पत्र इंग्रजीत आले. तिने ते मला दाखविले आणि यावर मराठीत काय लिहिले आहे असे विचारले. मी पाकिटावर पेन्सिलीने ‘बेबाक’ असे लिहून दिले. ते पाकीट तिने आहेराच्या वहीत, भावाच्या नावाच्या पानात ठेवले आहे.