बटाटा गेला आणि हिरड्या सुजल्या

1847 च्या सुमारास आयर्लंडमधल्या डॉक्टरांकडे एक जुनाच आजार नव्या रुग्णांसह येऊ लागला. जांभळट, सुजलेल्या हिरड्या, हलणारे दात, पायांवर रक्ताचे डाग. ही स्कर्व्हीची लक्षणे. महिनोन्‌महिने समुद्रावर काढणाऱ्या खलाशांचा तो रोग म्हणून ओळखला जाई. इथले रुग्ण मात्र शेतात राबणारे होते. त्यांच्या ताटातून बटाटा नाहीसा झाला होता.

1845 मध्ये तिथल्या पिकावर करपा पडला. आपल्याकडचे बटाटा-टोमॅटो पिकवणारे शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात, तोच हा रोग. गरिबांच्या तुकड्यात बहुतेक ‘लंपर’ ही एकच जात असे. बटाटा कंदापासूनच लावतात, त्यामुळे सारी झाडे एकसारखी. एकाला लागले की सगळ्यांना लागले. पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसे दगावली. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर विकले जात होते, हेही विसरता येत नाही.

उपासमारीवर उतारा म्हणून सरकारने अमेरिकेतून मका आणला. मक्याने पोट काहीसे भरले, पण साठवणीच्या मक्यात ‘क’ जीवनसत्त्व जवळपास नसते. त्याआधी तिथला मजूर दिवसाला चार-पाच किलो बटाटे ताकाबरोबर खात असे. उकडलेल्या 100 ग्रॅम बटाट्यात साधारण 10 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळते. प्रौढाची रोजची गरज 80 मिलिग्रॅमच्या आसपास धरली, तर त्याला ते गरजेच्या कितीतरी पट मिळत होते. लिंबू-संत्र्याचे तोंडही न पाहता तो स्कर्व्हीपासून वाचला होता. या जीवनसत्त्वाचे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते वेगळे काढायला 1928 साल उजाडावे लागले.

गंमत अशी, की याच बटाट्याला युरोपने आधी बराच काळ नाके मुरडली होती. त्याने कुष्ठरोग होतो, अशीही समजूत होती. ती खुळीच, पण संशयाला थोडा आधार होता. बटाटा धोतऱ्याच्या कुळातला. त्याच्या पानांत, कोंबांत आणि उजेडात हिरव्या पडलेल्या सालीत सोलानिनसारखी विषारी द्रव्ये असतात. जिथला तो मूळचा, त्या अँडीज पर्वतातल्या लोकांना हे पुरते माहीत होते. कडू जातीचे बटाटे ते रात्रीच्या थंडीत गोठवत, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढत आणि उन्हात वाळवत. तो ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो.

आपल्याला इतका खटाटोप नको, पण हिरवेपणाकडे काणाडोळाही नको. 1969 मध्ये लंडनमधल्या एका शाळेत सुट्टीआधीपासून पडून राहिलेले बटाटे रांधले गेले. 78 मुलांना उलट्या-जुलाब झाले, काहींची शुद्ध हरपली. सगळी बरी झाली. उकळून वा तळून हे विष फारसे कमी होत नाही. म्हणून बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. कोंब आणि थोडासा हिरवा भाग खोलवर काढावा. बटाटा बराच हिरवा किंवा चवीला कडू असेल, तर टाकून द्यावा.

राहिला प्रश्न साखरेचा आणि वजनाचा. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण सांभाळायलाच हवे, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या जोडीला तळलेला बटाटा म्हणजे उपवास नव्हे. पण सालीसकट उकडलेला एखादा बटाटा गुन्हेगार नाही. सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर ‘क’ जीवनसत्त्व मात्र मोरीत जाते.

स्कर्व्ही आजही अधूनमधून दिसतो. एकटे राहणारे, दात नसलेले आजोबा किंवा आजी चहा-बिस्किटे आणि पेजेवर महिने काढतात. हिरड्यांतून रक्त येते, पायावर डाग उठतात, आणि घरचे ते वयावर ढकलतात. अशा वेळी डॉक्टरांना दाखवताना रोज काय खाल्ले जाते, हेही आपणहून सांगावे.