होळीतल्या शिक्षकांसाठी : फळ्याशेजारचा पडदा

वसईच्या होळी परिसरातील शिक्षक बंधुभगिनींनो, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोडची जोड दिली, पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड आले आणि २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्काराने त्या कार्याचा जागतिक गौरव झाला, हे आपणांस विदित आहेच. त्या उपक्रमाचे मर्म मला मात्र गुरुजींच्या पूर्वतयारीत दिसते.

म्हणून 'दीक्षा' ॲपवरील चित्रफीत आदल्या रात्रीच उतरवून ठेवावी, कारण पावसाळ्यात वीज व नेटवर्क यांच्या भरवशावर तास आखणे इष्ट नव्हे. आणि ती सलग न दाखवता मध्येच थांबवून, पुढे काय घडेल, असा सवाल वर्गास करावा. मोबाईल मोजके असल्यास चार-पाच मुलांच्या गटास एक पुरतो.

खरी दौलत तर आपल्या दाराशी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईच्या किल्ल्याची तटबंदी व खाडीचे मुख आधी उपग्रह-नकाशावर न्याहाळून, प्रश्न लिहून, मगच मुलांना तेथे न्यावे. तसेच कादोडी बोलीतील आजी-आजोबांच्या गोष्टी, त्यांची अनुमती घेऊन, मुलांकरवी ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण भाषेचा असा जिवंत पाठ कोणतेही तयार ॲप देऊ शकणार नाही. मुलांची छायाचित्रे मात्र पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही समूहावर टाकू नयेत, एवढी दक्षता कसोशीने बाळगावी.