७०० फुटांची शिडी, ५,८०० फुटांची नदी

१९९२ च्या उन्हाळ्यात रेडफिश तळ्याशी समुद्रातून एक मासा परत आला. एकच.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, सॉटूथ डोंगरांच्या कुशीत हे तळे आहे. त्याचे नावच लाल माशांवरून पडले. समुद्रात चंदेरी असणारा सॉकाय सॅमन विणीला निघाला की त्याच्या मांसातला लाल रंग कातडीत उतरतो. एके काळी असे मासे इथे हजारोंनी यायचे. १९९२ मध्ये त्या वाटेने एक नर आला, मादी आलीच नाही. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'लोनसम लॅरी', एकटा लॅरी. १९९० मध्ये शून्य मासे आले होते. ९१ मध्ये चार, ९३ मध्ये आठ, ९४ मध्ये एक, ९५ मध्ये शून्य, ९६ मध्ये एक, ९७ मध्ये पुन्हा शून्य, ९८ मध्ये एक. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांची बेरीज १६. या आकड्यापुढचा 'हजार' छापायचा राहिलेला नाही.

लॅरी कुठून आला होता ते पाहू. कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथे तो गोड्या पाण्यात शिरला. कोलंबियातून स्नेक नदीत, स्नेकमधून सॅमन नदीत, तिच्यातून एका ओढ्यात आणि ओढ्यातून तळ्याकडे. अंतर ९०० मैल, म्हणजे साधारण १,४५० किलोमीटर, सगळे प्रवाहाच्या उलट. तळ्याची उंची समुद्रसपाटीपासून ६,५०० फुटांहून जास्त. कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे. त्या शिखरावरही आणखी हजार फूट चढायचे, आणि तेही पोहत.

कोकणात पहिल्या दमदार पावसात मासे ओहोळ-व्हाळांतून वर सरकतात, त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. कुठे वलगणीचे म्हणतात. अंडी घालायला उलट्या पाण्याने वर जाणे ही तीच ओढ. पण आपली चढण शेताच्या बांधापर्यंत, फार तर डोंगराच्या पायथ्यापर्यंत. (हॉटेलात 'इंडियन सॅमन' म्हणून मिळणारा रावस मात्र या कुळातला नव्हे. तो चविष्ट आहे, पण असा डोंगर चढत नाही.)

या साऱ्या प्रवासात सॉकाय काही खात नाही. नदीत शिरला की त्याची भूक संपते, पोट आक्रसते. कॅनडातल्या फ्रेझर नदीत अशा माशांची मोजणी झाली आहे: हजारभर किलोमीटर चढून अंडी घालेपर्यंत मादीने साठवलेल्या चरबीतली नव्वद टक्क्यांहून जास्त चरबी आणि निम्म्याच्या आसपास प्रथिने जाळून टाकलेली असतात. समुद्रातून निघताना जी शिदोरी अंगात आहे तेवढीच. वाटेत पंधरा दिवस खोळंबला, तर पुढच्या पंधरा दिवसांचे इंधन तिथेच संपले.

वाट कशी सापडते? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाला धबधब्याजवळ सुचले. आर्थर हॅस्लर हे विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ, मूळचे युटाचे. १९४० च्या दशकात ते तिथल्या डोंगरात चढत होते. कड्याआडचा धबधबा अजून दिसतही नव्हता, तोच ओल्या शेवाळाचा आणि रानफुलांचा वास वाऱ्यावर आला आणि लहानपणचे विसरलेले सवंगडी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सॅमनचेही असेच असेल का, असे त्यांच्या मनात आले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले. कोहो जातीच्या सॅमनची पिल्ले त्यांनी मॉर्फोलिन नावाच्या रसायनाचा अंश असलेल्या पाण्यात वाढवली आणि मिशिगन सरोवरात सोडली. दीडएक वर्षाने ज्या ओढ्यात मॉर्फोलिन मिसळले त्याच ओढ्यात ती मोठी होऊन शिरली. प्रमाण किती होते? २० अब्ज भाग पाण्यात सुमारे एक भाग. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक थेंब टाका. तो थेंब या माशाला ओळखू येतो.

लॅरीच्या वाटेत आठ धरणे होती. कोलंबियावर बॉनव्हिल, द डॅल्स, जॉन डे आणि मॅकनेरी; स्नेकवर आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस आणि लोअर ग्रॅनिट. पहिले बॉनव्हिल १९३८ चे, शेवटचे लोअर ग्रॅनिट १९७५ चे. आठही धरणांना माशांसाठी शिड्या आहेत. शिडी म्हणजे एकापुढे एक काँक्रीटचे हौद, प्रत्येक हौद आधीच्यापेक्षा साधारण फूटभर उंच, आणि वरून खाली खळाळत येणारे पाणी. आठ धरणांनी मिळून पाणी सातशे फुटांहून जास्त उचलले आहे. तेव्हा पायऱ्याही सातशेच्या वर. ऐकून छाती दडपते.

पण आता वजाबाकी करू या. लोअर ग्रॅनिटचे पाणी समुद्रसपाटीपासून ७३८ फुटांवर, तळे ६,५०० फुटांच्या वर. म्हणजे आठही शिड्या संपल्यावर जवळजवळ ५,८०० फूट चढण उरते, आणि तिथे ना शिडी, ना हौद. खडक, धावते पाणी, घळी. सॅमन ती चढतो. हजारो वर्षे चढत आला आहे. मोठा सॅमन साडेतीन मीटरपर्यंत उडी मारू शकतो, मात्र पायथ्याशी झेप घ्यायला पुरेसा खोल डोह हवा. उंचीला हा मासा घाबरत नाही, हे या वजाबाकीतून कळते. मग तो कशाने मेला?

शिड्या चालतात, हेही मान्य करायला हवे. बॉनव्हिलच्या शिडीला काचेची खिडकी आहे. तिच्यामागे माणूस बसतो आणि जाणारा प्रत्येक मासा जात पाहून मोजतो. १९३८ पासून ही मोजदाद चालू आहे. ९ सप्टेंबर २०१३ या एका दिवसात त्या धरणावरून ६३,८७० मोठे चिनूक सॅमन वर गेले. उजेडाचे तासच धरले तर सेकंदाला एकाहून जास्त मासा, आणि चिनूक म्हणजे हातात सहज न पेलणारे धूड. २०२४ मध्ये तिथूनच साडेसात लाखांवर सॉकाय गेले. त्यांतले जवळजवळ सगळे कोलंबियाच्या वरच्या अंगाचे, रेडफिशचे नव्हेत.

खरा घात खाली उतरताना होतो. वर जाणारा मासा बळकट असतो. समुद्राकडे निघालेले पिल्लू बोटभर असते. ते फारसे पोहतही नाही. तोंड उगमाकडे, शेपूट समुद्राकडे ठेवून बर्फवितळीच्या पुरावर स्वतःला सोडून देते. नदी त्याला नेते. आता स्नेकच्या खालच्या चार धरणांमागे १४० मैल, म्हणजे २२५ किलोमीटर, सलग थोपलेले पाणी आहे. नेणारी नदीच नाही. समुद्र गाठायला लागणारा काळ दुपटीहून जास्त झाला, आणि त्या संथ, कोमट पाण्यात पिल्लांवर टपलेले पाइकमिनो मासे मातले. १९९० पासून पाइकमिनो पकडून देणाऱ्याला तिथे दर माशामागे रोख पैसे मिळतात.

भिंतींचा हिशेब वेगळा. प्रत्येक धरणातून वसंतातली ९६ टक्के पिल्ले जिवंत उतरली पाहिजेत, असा सरकारी दंडक आहे. शंभरातली चारच गेली. कुणाही अभियंत्याला अभिमान वाटावा असा हा आकडा. पण धरण एक नाही. ९६ टक्क्यांचे ९६ टक्के, त्यांचे पुन्हा ९६, असे आठ वेळा केले की उरतात ७२. उन्हाळ्यातल्या पिल्लांसाठी दंडक ९३ टक्क्यांचा आहे. आठ धरणांनंतर उरतात ५६. आणि हे सगळे दंडक पाळले गेले तर. म्हणून तर पिल्ले पकडून बार्जमध्ये भरतात आणि धरणे टाळून खाली नेऊन सोडतात. मासे बोटीतून समुद्राला पोचवावे लागतात, यापेक्षा नदीची अवस्था सांगणारे दुसरे वाक्य मला सुचत नाही.

मादी दोन-अडीच हजार अंडी घालते. त्यांतून दोन मासे परत आले तरी वंश जागेवर राहतो. या खोऱ्यासाठी ठरवलेले उद्दिष्ट असे: समुद्राकडे निघालेल्या दर शंभर पिल्लांमागे दोन ते सहा मासे परत यावेत. एकाच्या खाली गेले की वंश आटू लागतो. स्नेकच्या रानटी चिनूकचा आकडा वर्षानुवर्षे एकाच्या आसपास घुटमळतो. जॉन डे या उपनदीची पिल्ले तोच समुद्र गाठतात, तेच शत्रू चुकवतात. पण त्यांना आठऐवजी तीन धरणे लागतात, आणि परतणाऱ्यांचे प्रमाण कित्येक पट जास्त आहे. मला तरी यापुढे पुरावा लागत नाही.

तरीही कुणाला हवा असेल तर २०१५ आहे. लॅरीसकट त्या सोळा माशांचा वंश वैज्ञानिकांनी हौदांत जपला होता. लॅरीचे वीर्य गोठवून ठेवून पुढच्या पिढ्यांसाठी वापरले. या कष्टांना यश आले आणि २०१४ मध्ये दीड हजारांहून जास्त सॉकाय डोंगरात परतले. पुढच्या वर्षी बर्फ कमी पडले, जूनमध्येच ऊन तापले आणि साचलेले पाणी विशीच्या पार गेले. सॉकायला २० अंश सेल्सियस ही धोक्याची रेघ. कोलंबियात अडीच लाखांच्या आसपास सॉकाय मेले. रेडफिशकडे निघालेल्या शंभरांपैकी जेमतेम एक पोचला. त्या वर्षी शिडीची एकही पायरी मोडलेली नव्हती.

त्या ६३,८७० माशांचा मोठा भाग कुठला होता, हेही सांगायला हवे. कोलंबियावर हॅनफर्ड रीच नावाचा सुमारे ५० मैलांचा पट्टा आहे. १९४३ मध्ये तिथे अणुबाँबसाठी प्लुटोनियम बनवायचा कारखाना आला, परिसर बंद झाला, आणि पुढे तिथे ठरलेले धरणही झाले नाही. नदी वाहती राहिली. बॉनव्हिलच्या वर, अमेरिकेतल्या कोलंबियाचा असा वाहता उरलेला हा एकच लांब पट्टा, आणि शरदात येणारे बहुसंख्य चिनूक याच गोट्यांत अंडी घालतात. त्यांना चारच धरणे ओलांडावी लागतात.

भिंत हाच शेवट, असेही घडले. ग्रँड कूली धरण, ५५० फूट उंच, १९४२ मध्ये पुरे झाले. त्याला शिडी ठेवलीच नाही. वरचे हजार मैलांहून जास्त नदी-ओढे सॅमनला कायमचे बंद झाले. केटल धबधबा त्या जलाशयात बुडणार हे कळल्यावर जून १९४० मध्ये तिथल्या जमातींची हजारो माणसे जमली आणि तीन दिवस त्यांनी शोक केला. त्या मेळ्याला 'अश्रूंचा सोहळा' म्हणतात. खाली सेलिलो धबधब्यावर लाकडी माचांवर उभे राहून, लांब दांड्याच्या जाळ्यांनी सॅमन धरणाऱ्यांची परंपरा दहा हजार वर्षांची. १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधब्याचा आवाज थांबला. दहा हजार वर्षे आणि काही तास: या लेखातल्या सगळ्या आकड्यांत हे दोन शेजारी ठेवणे मला सर्वात जड गेले.

स्नेकची चार धरणे सरासरी हजारएक मेगावॅट वीज देतात आणि समुद्रापासून ४६५ मैल आत असलेल्या ल्युइस्टन गावाचा गहू बार्जने बंदराला जातो. शेतकऱ्याची ती गरज खोटी नाही. पण विजेला आणि गव्हाला दुसरी वाट काढता येते. ज्या माशाला वासाने एकच ओढा ओळखू येतो, त्याला दुसरी वाट नाही.

दक्षिणेला क्लॅमथ नदीवर, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, चार धरणे होती. युरोक, करुक, क्लॅमथ या जमातींनी दोन दशके लढून ती काढायला लावली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शेवटचा बांध फुटला. १६ ऑक्टोबरला, म्हणजे सात आठवड्यांनी, सर्वात वरच्या धरणाच्या जागेच्याही पलीकडच्या उपनदीत एक चिनूक दिसला. ऑरेगनच्या त्या भागात सॅमन शेवटचा आला होता १९१२ मध्ये. चार वर्षांची पिढी धरली तर मधल्या २८ पिढ्यांतल्या एकाही माशाने त्या ओढ्याचा वास घेतला नव्हता. मग तो कशाच्या मागाने वर गेला? सॅमनच्या प्रत्येक थव्यात थोडे मासे घराचा ओढा सोडून भलत्याच पाण्यात शिरतात. हिमयुगानंतर मोकळ्या झालेल्या नद्या अशाच भटक्यांनी वसवल्या. तो चिनूक नदी वाहते आहे एवढेच पाहून पुढे पुढे पोहत राहिला होता.