कच्चे मडके आणि परीक्षेचे प्रयोजन

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाची जी कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती वस्तुतः एका परीक्षेची कथा आहे. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली असता मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून त्याचा उपयोग विचारला, आणि मडके पक्के की कच्चे हे याने कळते असे उत्तर मिळताच आमचीही पारख करा असा आग्रह धरला. तेव्हा काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले, इतरांनी ते निमूटपणे सोसले, नामदेव मात्र रागावले आणि ‘कच्चे’ ठरले. कीर्तनकार येथे बहुधा नामदेवांच्या अहंकारावर निरूपण करतात. मला या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. कच्चे ठरलेल्या नामदेवांना संतांच्या मेळ्यातून कोणी बाद केले नाही. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले, आणि पुढे त्यांची वाणी पंजाबात इतकी रुजली की गुरु ग्रंथ साहिबात त्यांच्या ६१ पदांना स्थान मिळाले.

आधुनिक शाळेने परीक्षेचा हा उत्तरार्धच गाळला. तिला उमेदवार निवडावयाचे होते. जो उत्तीर्ण झाला त्याला सनद आणि नोकरी, जो अनुत्तीर्ण झाला त्याचा दाखला दप्तरात पडून राही, आणि त्याला नेमके काय उमगले नाही याची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणत्याही खात्यावर नसे. मराठवाड्यात या अन्यायाला आणखी एक धार होती. निजामाच्या फर्मानाने १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्यामुळे, तेरणेकाठच्या मराठी मुलाला उच्च शिक्षणाची वाट घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेतून काढावी लागे, आणि त्याची बुद्धी कमी की भाषा अपरिचित, हा भेद गुणपत्रिकेत उमटत नसे. याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली निघालेल्या राष्ट्रीय शाळेचे, जेथे स्वामी रामानंद तीर्थ यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले, महत्त्व केवळ राजकीय नव्हते ते याच कारणाने.

गोरोबाकाकांच्याही पूर्वीचे तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेले तगर, ज्याचा माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराकडे जाई, ते कारागिरांचे नगर होते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या आणि आज शासकीय संग्रहालयात असलेल्या सातवाहनकालीन वस्तूंमध्ये दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत. अशा कारखान्यात साचा नीट जुळला नाही तर चूक तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते आणि माती ओली आहे तोवरच सुधारता येते. वार्षिक परीक्षेचा निकाल मात्र वर्ष सरल्यावर हाती येतो.

आज जगभर शिक्षणात जे बदल चालले आहेत, त्यांत संगणक आणि पडदे यांचा गाजावाजा अधिक होतो. परंतु माझ्या मते खरा पालट परीक्षेच्या प्रयोजनात होत आहे, आणि त्याचा एक उगम महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या वस्त्यांतून नव्वदीच्या दशकात काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता, ज्याला जेथवर वाचता येते तेथून पुढे शिकविण्याची रीत रूढ केली. तिची कसोटी विलक्षण साधी आहे: एका कागदावर अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट, मूल जेथे अडखळते तेथून त्याचा धडा सुरू होतो. वस्तीतील तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमून मुंबई व बडोदा येथे चाललेल्या उपक्रमाची पारख अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी केली, आणि त्या दोघांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा अशा क्षेत्रीय प्रयोगांचीच दखल घेतली गेली. २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालांनी याच कसोटीने ग्रामीण घरांत जाऊन जे दाखविले ते व्यथित करणारे आहे: देशातील पाचवीची सुमारे निम्मी मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत.

शासनाने याकडे डोळेझाक केली असे म्हणता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. हेतू निर्मळ होता. परंतु पुष्कळ शाळांत ते मूल्यमापन नोंदवह्या भरण्यातच संपले, आणि न शिकलेले मूल बिनबोभाट वरच्या वर्गात जाऊ लागले. म्हणून २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या परीक्षेला मुभा मिळाली. अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवणी आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा देण्याची तरतूदही तीत आहे. वर्तमानपत्रांनी मुलांना मागे ठेवण्याच्या मुद्द्यावरच वाद रंगविला. माझ्या दृष्टीने त्या दुरुस्तीचा प्राण जादा शिकवणीत आहे, आणि तीच सर्वांत कमी चर्चिली गेली.

त्या शिकवणीचा खरा कस धाराशिव जिल्ह्यातच लागेल. येथून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मुलेही त्यांच्याबरोबर फडावर जातात, आणि हंगामी वसतिगृहांचा आधार ज्यांना लाभत नाही ती उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात, तेव्हा शाळेत परीक्षेची लगबग सुरू असते. अशा मुलापुढे प्रश्नपत्रिका ठेवण्याआधी, ते परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात, तो अक्षरांचा आणि गोष्टीचा कागद शिक्षकाने त्याच्यापुढे धरावा, आणि दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळेला उन्हाळ्यात त्याला शिकविण्यासाठी गावातील शिकलेल्या मुलामुलींपैकी एखाद्याचे मानधन जिल्हा परिषदेने मंजूर करावे, एवढी मागणी पालकांनी ग्रामसभेत ठरावाने करावयास हवी.